पांढऱ्या आईबापांचं जांभळं फूल

तंजावूरला जाऊन आले म्हटलं की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. मोठं देऊळ पाहिलंत का, आणि सांबार खरंच तिथल्या मराठ्यांनी शोधून काढलं का? देऊळ पाहिलं. सांबाराची गोष्ट मला रिक्षावाल्यानं सांगितली, केळीवाल्यानं सांगितली आणि रेल्वेत समोर बसलेल्या एका आजोबांनी दोनदा सांगितली. पण मी काही त्यासाठी गेले नव्हते. मी गेले होते ऑर्किडचा संकर कसा करतात ते शिकायला, आणि परत आले ती डोक्यात राख घालून. ती राख अजून निवलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी मिरजेची. सगळी नोकरी एका दवाखान्याच्या रक्तपेढीत झाली. निवृत्तीनंतर गॅलरीत ऑर्किड लावली, त्यातली निम्मी मारली, उरलेल्यांनी मला माणसात ठेवलं. झाडं वाढवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटात जानकीबाई भेटल्या. तंजावूरच्या, घरात पिढ्यान् पिढ्या मराठी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या मराठी लिहायच्या, पण इंग्रजी अक्षरांत, कारण देवनागरी त्यांना वाचता येत नाही. "Jevan jaale ka?" असा त्यांचा निरोप रोज दुपारी यायचा. एक दिवस त्यांनी कळवलं की तिथल्या एका नर्सरीत नवशिक्यांसाठी चार दिवसांचा वर्ग आहे, शिकवणारे डॉक्टर पुण्याहून येतात, आणि माझं अंथरूण त्यांनी घालूनही ठेवलं आहे. मराठी माणूस, मराठी घर आणि ऑर्किड! मी उडालेच.

तंजावूर

स्टेशनावर जानकीबाई स्कूटर घेऊन आल्या होत्या. वय सहासष्ट, नऊवारी नव्हे, कांचीपुरमची कडक इस्त्रीची सुती साडी, आणि केसांत हातभर मोगरा. मला आपादमस्तक पाहून पहिलं वाक्य आलं, "आलां कां? प्रवास बरा जाला? अय्यो, हें काय, केसांत पू नाहीं?" पू म्हणजे फूल. माझे केस मी केव्हाच बारीक कापून टाकलेत, त्यात फूल खोचायचं तर पिनांचा कारखाना लागेल. हे सांगितलं तर म्हणाल्या, "केंस नाहीं म्हणून पू नको काय? कानामागें ठेवा." आणि भर रस्त्यात कानामागे ठेवलंच. पोंगल होऊन गेला होता, हवा बरी होती, आणि मी कानाला मोगरा लावून स्कूटरच्या मागे बसून राजधानीत शिरले.

घरी गेल्या गेल्या पितळी डबऱ्यात कापी आली, म्हणजे कॉफी. जेवायला पानात रसम होतं, केळफुलाची भाजी होती, आणि एका वाटीत डांगर. उडदाचं भाजलेलं पीठ, ताक, हिंग, वर फोडणी. माझी आई करायची तेच. मिरजेत आता ते माझ्या सुनेलासुद्धा माहीत नाही आणि इथे चुलीपासून हजार किलोमीटरवर ते सुखात नांदत होतं. माझे डोळे भरून आले. मिरचीही होतीच.

जेवण झाल्यावर त्या मला मोट्टमाडीवर घेऊन गेल्या, म्हणजे गच्चीवर. शेडनेटखाली डेंड्रोबियमच्या कुंड्या, कोळसा आणि विटांचे तुकडे भरलेल्या. दोन झाडं त्यांची लाडकी. दोन्ही पांढरी. एकाचा गळा हिरवट, त्याचं घरगुती नाव तांदूळ. दुसरं आरपार पांढरं, ते कापूस. कागदावरची त्यांची लांबलचक इंग्रजी नावं वेगळी होती, पण ती उच्चारताना जानकीबाईंचाही श्वास संपायचा.

तांदळाच्या एका दांड्यावर एक फूल सुकून लोंबत होतं. मला झाडावरचं वाळकं दिसलं की हात शिवशिवतो. मी पुढे केला मात्र,

"हात लावूं नको!"

शाळेतला आवाज होता तो. मी तिथल्या तिथे थिजले. मग त्यांनी जवळ नेऊन दाखवलं. सुकलेल्या फुलाच्या देठाला हळदीत बुडवलेला पिवळा दोरा बांधला होता, आणि दोऱ्याच्या वर देठ फुगून इवली हिरवी शेंग धरली होती.

"तें निर्माल्य न्हवे. तिचें लग्न जालें आहे," त्या म्हणाल्या.

गोष्ट अशी होती. ऑर्किडच्या फुलात दुसऱ्या फुलाचे पराग घातले की दोनतीन दिवसांत फूल मान टाकतं आणि मागे शेंग वाढू लागते. पण जानकीबाईंचे यजमान श्रीनिवासराव रोज सकाळी पूजा आटोपून गच्चीवर येतात आणि वाळलेलं प्रत्येक फूल निर्माल्य म्हणून खुडून तुळशीच्या मुळाशी टाकतात. घरात वाळकं फूल राहू देऊ नये, हा त्यांच्या घरचा नेम. बाईंचे पहिले दोन संकर असे तुळशीला वाहिले गेले. भांडून उपयोग झाला नाही. तेव्हा त्यांनी हळदीचा दोरा काढला, तिकडे लग्नात बायकांच्या गळ्यात बांधतात तसला. ज्या फुलाला पिवळा दोरा, तिला श्रीनिवासराव हात लावत नाहीत. सुवासिनीला निर्माल्य कसं म्हणणार? इतका साधा आणि बिनतोड उपाय मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"आणि मधमाशी आली तर?" मी विचारलं. त्यांनी मलमलीची एवढीशी पिशवी काढून दाखवली. पराग घालायच्या आधी दोन दिवस आणि नंतर फूल सुकेपर्यंत ती फुलावर असते. म्हणजे दोरा नवऱ्यासाठी आणि पिशवी माशीसाठी.

ओरत्तनाडूच्या रस्त्यावर

नर्सरी ओरत्तनाडूच्या वाटेवर. जानकीबाईंचा जन्म ओरत्तनाडूचा, त्यामुळे वाटेत दिसणारं प्रत्येक तळं आणि प्रत्येक मावसभाऊ त्यांच्या ओळखीचा. भात कापून झालं होतं, शेतात पेंढ्या उभ्या होत्या. नर्सरीचे मालक सेल्वम, पन्नाशीचे, मऊ बोलणारे. ते बाईंना टीचरम्मा म्हणत आणि त्यांच्याशी बोलताना नकळत हात मागे बांधत. पुढच्या गोष्टीसाठी त्यांच्या दोघांतला करार माहीत हवा. तांदूळ आणि कापूस यांच्या संकराची पहिली शेंग बाईंनी तीन वर्षांपूर्वी सेल्वमना दिली होती. ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ, त्यात दाण्यासारखी शिदोरी नसते, म्हणून ते मातीत रुजत नाही. बाटलीत जेलीवर, जंतूविरहित जागी वाढवावं लागतं. ते सेल्वमच्या प्रयोगशाळेत झालं. रोपं त्यांच्याच मांडवात वाढली. फुलं चांगली निघाली आणि जाणकारानं पसंत केली, तर सेल्वम ती बाईंनी दिलेल्या नावानं विकणार होते आणि ते नाव परदेशातल्या नोंदीतही पाठवणार होते. नाव ठरलेलं होतं. ओरत्तनाडू.

आणि फुलं नेमकी त्याच आठवड्यात उमलली होती.

डॉक्टर उंच, गोरे, गळ्यात भिंग अडकवलेले. "अरे वा, मिरज!" म्हणून त्यांनी माझं स्वागत केलं. मग जानकीबाईंनी त्यांना विचारलं, "तुमचें जेवण जालें कां?" तर हे हसून म्हणतात, "जालें नाही हो, झालं! आणि तो नाकातला सूर काढून टाका. तुमची मराठी फार भ्रष्ट झालीय इकडे." बाई ओशाळून हसल्या. माझ्या मस्तकाची शीर उडाली. कारण त्यानंतर दोन तास हे गृहस्थ आम्हाला, म्हणजे निम्म्याहून अधिक तंजावूरच्याच मराठी मंडळींना, जे शिकवत होते ते असं: "प्लांटला वॉटर किती द्यायचं ते मिडियमवर डिपेंड करतं." तीनशे वर्षं ज्या घरांनी चहूकडून तमिळ ऐकत मराठी सांभाळली, त्यांनी ती भ्रष्ट म्हणवून घ्यायची, आणि कुणाकडून? आपलं ठेवायचं झाकून, ही म्हण पुण्यात कुणी पाळत नाही काय?

शिकवणं मात्र वाईट नव्हतं, हे कबूल करायला हवं. फुलाच्या मधोमध एक जाड दांडा असतो, त्याच्या टोकाला टोपी. दातकोरणीनं टोपी उचलली की आत परागाचे पिवळे गोळे, मोहरीहून लहान. ते दातकोरणीला चिकटवायचे आणि दुसऱ्या फुलाच्या त्याच दांड्याखालच्या चिकट खळगीत बसवायचे. बस, लग्न लागलं. लिहिताना आईचं नाव आधी, म्हणजे जिच्यावर शेंग धरली तिचं, मग फुली, मग बापाचं. आमच्या सातबाऱ्यापेक्षा हे लोक सुधारलेले आहेत असं मला वाटलं. माझे पहिले पराग दातकोरणीवरून उडाले ते कुणालाच सापडेनात. सगळा वर्ग गुडघ्यावर बसून शोधत होता. शेवटी ते माझ्या चष्म्याच्या काचेवर निघाले.

संध्याकाळी जानकीबाईंनी डॉक्टरांना घरी बोलावलं. भाषेवरून टपली मारणाऱ्याला जेवायला बोलवायचं, हे माझ्या स्वभावात बसत नाही, पण त्यांच्या घरी पुण्यामुंबईचा माणूस उपाशी गेला असं होत नाही. डॉक्टर डांगर दोनदा मागून जेवले. गच्चीवर तांदूळ, कापूस, शेंग, सगळ्याचे फोनवर भरपूर फोटो काढले. दोऱ्याची गोष्ट ऐकून मोठ्यांदा हसले आणि म्हणाले, "याला सायन्स नाही म्हणत, बाई. याला हळदीकुंकू म्हणतात."

दुसऱ्या दिवशी रंगाची आनुवंशिकता. त्यांनी फळ्यावर चौकोन काढले. जांभळा रंग जोरकस, पांढरा दबलेला. जांभळ्याच्या पोटी पांढरं येऊ शकतं, पण पांढरं गुणिले पांढरं, बरोबर पांढरं. वहीत लिहून घ्या. आम्ही लिहून घेतलं. मग ते आम्हाला घेऊन मांडवात गेले, जानकीबाईंच्या रोपांपाशी.

सगळी फुलं जांभळी होती. एकही पांढरं नाही. वांग्याच्या सालीसारखा गडद, चमकदार जांभळा. मी तर बघतच राहिले. जानकीबाई पदर सावरून उभ्या होत्या, पेपर तपासून मिळायची वाट बघणाऱ्या मुलीसारख्या. तीन वर्षं वाट पाहिलेली फुलं होती ती.

डॉक्टरांनी लेबल वाचलं. तांदूळ फुली कापूस, त्यांच्या कागदी नावांनी. हसले. म्हणाले, "आत्ताच काय शिकवलं मी? दोन पांढऱ्यांतून हे येणार नाही. बाई, तुमच्या हातून काहीतरी घोळ झालाय. नाहीतर माशीनं केलाय. आई ठीक आहे, शेंग तिच्यावरच होती. पण बाप हा नव्हे." आणि खिशातून जाड मार्कर काढून त्यांनी कापसाचं नाव खोडलं, पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. एका लेबलावर नाही. ओळीनं सगळ्या. वर्गातले लोक मान डोलवत होते.

बाप अज्ञात असला की नाव नोंदत नाहीत. सेल्वमनी हळू काहीतरी विचारलं, डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मग सेल्वमनी खाली मान घालून गड्यांना सांगितलं आणि कुंड्या उचलून मांडवाच्या टोकाला गेल्या. तिथे बिननावाची झाडं ठेवतात. शेवटच्या दिवशी रस्त्यावर विकणारा येऊन ती घेऊन जाणार होता. स्कूटरवर परतताना जानकीबाई फक्त एकदा म्हणाल्या, "मी पिशवी बांधली होती." मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती.

तिरुवैयारु

तिसऱ्या दिवशी वर्गाला सुट्टी होती. श्रीनिवासराव म्हणाले, घरात बसून कुढण्यापेक्षा कावेरीवर जा. आम्ही टाउन बसनं तिरुवैयारूला गेलो. नदीला पाणी होतं, घाटावर बायका कपडे आपटत होत्या, एका घरातून मुलींचा सरगमीचा घोष ऐकू येत होता. आमच्या मिरजेत तंबोरे बनतात, गाणारे दुसरीकडे असतात. इथे घराघरात गळे तयार होतात. जानकीबाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून केळीच्या पानात गरम अशोका घेतला, मुगाच्या डाळीचा तुपानं थबथबलेला हलवा, आणि आम्ही पायरीवर बसलो. त्यांनी स्वतःचा वाटा तसाच ठेवला.

"माझ्या हातून जालें असेल," त्या म्हणाल्या. "डॉक्टर शिकलेले आहेत. वय जालें माझें. चूक जाली असेल."

ज्या बाईनं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, तिनं हे म्हणावं! आणि त्या वाक्यानंच मला रक्तपेढीतला तो व्हरांडा आठवला.

मी नोकरीत नवी होते. एक बाळंतीण होती, विशीबाविशीची. तिचा रक्तगट ओ, नवऱ्याचा ओ, आणि बाळाचा बी. ओ आणि ओ यांचं मूल बी होत नाही, हे तेव्हा शाळेतलं पोरही सांगायचं. दुसरी तपासणी व्हायच्या आधी सासूनं व्हरांड्यात निकाल लावून टाकला. सून भिंतीकडे तोंड करून बसली होती. पण आमच्या मोठ्या मॅडम हट्टी. त्यांनी मुलीचं रक्त पुन्हा मागवलं आणि पाहिलं, तर तिचं रक्त ओ गटाच्या पेशींशीसुद्धा जमेना, गुठळ्या होत होत्या. ती ओ नव्हतीच. तिचा गट तो दुर्मीळ, मुंबईत पहिल्यांदा सापडला म्हणून जगभर ज्याला बॉम्बे म्हणतात तो. तिच्याकडे बी होता, पण बी ज्याच्यावर उभा राहतो तो पायाच नव्हता, म्हणून दिसत नव्हता. नवऱ्याकडे पाया होता, बी नव्हता. बाळाला तिच्याकडून बी मिळाला, त्याच्याकडून पाया. दोघं खरे, बाळ खरं. खोटा होता तो फक्त व्हरांड्यातला निकाल.

हे सगळं मी जानकीबाईंना एका दमात सांगितलं. मिरजेची मराठी फार भरभर पडते म्हणून दोनदा सांगितलं. त्या गणिताच्या बाई. दुसऱ्यांदा मी अर्ध्यावर होते तोवर त्यांचे डोळे बदलले.

"म्हणजे कापि," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कापीला डिकॉक्शन होणें, दूध होणें." होणें म्हणजे हवं, आणि डिकॉक्शन म्हणजे कॉफीचा काढा. "तांदळाच्या घरीं डिकॉक्शन नाहीं. कापसाच्या घरीं दूध नाहीं. दोन्ही घरीं कापि नाहीं, म्हणून दोन्ही पांढरीं दिसतात. सोयरीक जाली, लेंकराला एका घरचें हें मिळालें, एका घरचें तें. अप्पुरम, मग, कापि जालीच कीं!" आणि त्यांनी हलव्याचं पान पुढे ओढलं.

दोन पांढरी दोन वेगवेगळ्या कारणांनी पांढरी. इतकंच होतं ते. फळ्यावरच्या चौकोनात फक्त एकच कारण मावत होतं.

पुन्हा नर्सरी

शेवटच्या दिवशी मी वर्गात हात वर केला. बॉम्बे गटाची गोष्ट सांगितली. जानकीबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी कापी सांगितली, आधी तमिळमध्ये, मग त्यांच्या मराठीत, अनुनासिकांसकट. वर्गातल्या दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. सेल्वम दारात उभे राहून ऐकत होते.

डॉक्टर म्हणाले, "थिअरीत शक्य आहे."

मी म्हटलं, "मग प्रश्नचिन्हही थिअरीतच राहू द्या. लेबलावर कशाला?"

"मॅडम, रक्तपेढी वेगळी, नर्सरी वेगळी. तुम्ही बिगिनर आहात. आणि बाई, तुम्ही पिशवी बांधली होती म्हणता, ते कुणी पाहिलं? पुरावा काय? हळदीचा दोरा?" वर्ग हसला. टाळ्या वाजवणाऱ्याही हसल्या. "पुन्हा संकर करा, तीन वर्षांनी मला दाखवा. चला, आता खतांकडे वळू."

खतांकडे! मला संताप कशाचा आला ते नीट सांगते. ते चुकले याचा नाही, चुकतो माणूस. बाईचा शब्द हा पुरावा धरायचा नसतो, हे त्या माणसाला इतकं सहज वाटत होतं, की ते बोलताना त्याला मान वर करून बघावंसंही वाटलं नाही. पुस्तकात बसत नाही ना, मग बाईच्या हातून घोळ. बाळ बी गटाचं आहे ना, मग सुनेचं काहीतरी. चाळीस वर्षांत आणि हजार किलोमीटरांत फक्त व्हरांडा बदलला होता. मी उठून उभी राहिले आणि हे सगळं तोंडावर बोलले, बरंचसं. शेवटी माझा आवाज चिरकला आणि मुद्दा निसटला, जसा अशा वेळी नेहमी निसटतो.

बाहेर रस्त्यावरचा विक्रेता हातगाडी लावून थांबला होता. जानकीबाई सरळ मांडवाच्या टोकाला गेल्या. सेल्वम मागोमाग गेले. त्यांची पंचाईत मला दिसत होती; डॉक्टर त्यांना दरवर्षी लागतात. टीचरम्मा तमिळमध्ये काय म्हणाल्या ते मला शब्दशः कळलं नाही, पण सेल्वमनी विक्रेत्याला हात जोडून परत पाठवलं आणि स्वतःच्या छोट्या टेम्पोत सगळ्या कुंड्या चढवल्या. डॉक्टरांचं खतांवरचं भाषण खिडकीतून ऐकू येत होतं.

गच्चीवर कुंड्या मांडून झाल्यावर मी ओला फडका घेतला आणि लेबलं पुसायला बसले. जानकीबाईंनी माझा हात धरला.

"पुसूं नको. त्यानें लिहिलें, त्यानेंच पुसावें."

"तो कशाला येतोय पुसायला!"

"पाहूं या. आतां हात धुवून ये. लग्न लावायचें आहे."

कापसाचे पराग तांदळाला मी घातले, माझ्या हातानं. या खेपेला ते चष्म्यावर गेले नाहीत. पिशवी मी बांधली, श्रीनिवासराव साक्षीला उभे राहिले, आणि दोरा बांधताना बाईंनी मला सांगितलं की गाठी तीन मारायच्या असतात. सहासष्टाव्या वर्षी जे त्यांना आधीच माहीत आहे तेच सिद्ध करायला आणखी तीन वर्षं. मी हे रागानं म्हटलं. त्या म्हणाल्या, "झाडाला घाई नाहीं. तूं कां करतेस?" केव्हापासून त्या मला 'तूं' म्हणू लागल्या, माझ्या लक्षात आलं नाही.

मिरज

परत आल्यावर पावसाळा गेला. माझ्या संकराची शेंग पिकली, सेल्वमच्या बाटल्यांत हिरवी धूळ दिसू लागली, हे रोजच्या निरोपांतून कळत होतं. जांभळी झाडं गच्चीवर प्रश्नचिन्हं मिरवत फुलत होती.

मग एक दिवस गटात डॉक्टरांचं ऑनलाइन व्याख्यान आलं. विषय: दोन पांढऱ्यांपासून जांभळं. मी कॉफीचा कप खाली ठेवला आणि पाहू लागले. "तंजावूर भागात केलेल्या माझ्या निरीक्षणात," असं म्हणून त्यांनी जानकीबाईंच्या जांभळ्या फुलाचा फोटो दाखवला. आई तांदूळ, बाप कापूस, कागदी नावांनी, प्रश्नचिन्ह नाही. पुढे बॉम्बे रक्तगट. आणि त्यापुढे, हसत हसत, "सोप्या भाषेत सांगायचं तर, समजा एका घरी दूध नाही आणि एका घरी डिकॉक्शन नाही..."

जानकीबाईंचं नाव नाही. नर्सरीचं नाही. "एक हौशी बाई" एवढंसुद्धा नाही.

मी खाली प्रतिक्रिया लिहिली. ती तासाभरात नाहीशी झाली. पुन्हा लिहिली, तर लिहायची सोयच बंद केली होती. मी तडक जानकीबाईंना फोन लावला, तर पलीकडे हसण्याचा आवाज. त्यांनी ते व्याख्यान सकाळीच सेल्वमना दाखवलं होतं. डॉक्टर स्वतःच आईबापांची नावं घेऊन सांगताहेत, म्हटल्यावर सेल्वमचा प्रश्न मिटला. ते स्पिरिटची बाटली आणि फडकं घेऊन गच्चीवर आले आणि एकेक प्रश्नचिन्ह पुसून गेले. ओरत्तनाडू हे नाव नोंदीला रवाना झालं होतं.

"मी म्हटलें नव्हतें? त्यानेंच पुसलें," त्या म्हणाल्या.

"पण तुमचं नाव? एकदा तरी घ्यायला नको त्या माणसानं?"

"तूं नीट पाहिलें नाहींस. शेंगेचें चित्र पुन्हा लाव."

लावलं. तांदळाची शेंग, मोठी करून दाखवलेली. त्यांनी कडेचं सगळं कापून टाकलं होतं, गच्ची, कुंडी, श्रीनिवासरावांची तुळस. पण देठाला बांधलेला हळदीचा दोरा शेंगेला इतका लगटून होता की तो काही कापता आला नव्हता. पिवळाधमक, तीन गाठींचा, भर पडद्यावर.

"त्यानें नाहीं सांगितलें," जानकीबाई म्हणाल्या, "दोऱ्यानें सांगितलें. पोदुम, पुरें."

त्यांना पुरे असेल. मला नाही. देवानं माणसाला तोंड दिलं आहे, आणि त्या तोंडानं या घरचं डांगर दोनदा मागून खाल्लं आहे. नाव दोऱ्यानं का सांगायचं?